टाळ्या वाजवण्याआधी : डोक्याचा मार आणि आपण चाहते

रविवारची दुपार. वस्तीमागच्या मैदानात मंडळाच्या चषकाचा उपान्त्य सामना चालू आहे. यंदा टेनिस बॉलऐवजी सीझन बॉल आणला आहे. एक चेंडू उसळतो आणि फलंदाजाच्या कानामागे लागतो. पोरगा मटकन खाली बसतो. सगळे धावतात. कुणी डोक्यावर पाण्याची बाटली ओततो, कुणी तळवे चोळतो. माईकवरून आवाज येतो, "वाघ आहे आपला, उठणार!" दोन मिनिटांनी पोरगा खरेच उठतो, बॅट उचलतो आणि मैदान टाळ्यांनी दणाणून जाते.

असा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. टाळ्याही वाजवल्या आहेत. आजच्या आरोग्य पानावर त्या टाळ्यांबद्दलच बोलायचे आहे.

आपल्याला ही सवय लागली ती मोठ्या खेळाडूंवरच्या प्रेमातून. डिसेंबर १९८९ मध्ये सियालकोटला वकार युनूसचा चेंडू सोळा वर्षांच्या सचिन तेंडुलकरच्या नाकावर बसला. रक्त आले, तरी तो मैदान सोडून गेला नाही आणि त्याने ५७ धावा केल्या. मे २००२ मध्ये अँटिग्वाला अनिल कुंबळेचा जबडा मोडला. डोक्याभोवती पट्टी बांधून त्याने १४ षटके टाकली आणि ब्रायन लाराला बाद केले. या गोष्टी सांगताना आजही आपली छाती फुगते. पण एक फरक आपण विसरतो. फुटलेले नाक आणि मोडलेला जबडा बाहेरून दिसतो. मेंदूला बसलेला मार दिसत नाही.

चालत गेला, पण वाचला नाही

रमण लांबा हा आपला कसोटीपटू ढाक्याच्या क्लब क्रिकेटमध्ये फार लोकप्रिय होता. २० फेब्रुवारी १९९८ रोजी तो तिथे एका सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा राहिला. षटकातले मोजकेच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट घातले नाही. फलंदाजाने जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. लांबा पडला, पण उठला आणि स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. पाहणाऱ्यांना वाटले असेल, सुटला बिचारा. थोड्याच वेळात त्याची प्रकृती ढासळली. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, पण तीन दिवसांनी तो गेला. वय अवघे ३८.

"उठला म्हणजे बरा झाला" हा आपला समज किती घातक आहे, हे यावरून कळते.

कवटी हाडाची, कठीण. आत मेंदू मऊ, घट्ट दह्यासारखा. मार बसला की मेंदू आतल्या आत हादरतो. कधी केवळ हादरा बसतो, त्याला डॉक्टर 'कन्कशन' म्हणतात. यात सीटी स्कॅन साफ येऊ शकतो, तरीही चक्कर, डोकेदुखी, विसरभोळेपणा, चिडचिड काही दिवस राहते. कधी मात्र रक्तवाहिनी फाटते आणि कवटीच्या आत हळूहळू रक्त साठू लागते. कवटी फुग्यासारखी ताणत नाही. रक्ताला जागा हवी म्हणून ते मेंदूला दाबते. सुरुवातीचा काही वेळ, कधी काही तास, माणूस बोलतो, चालतो, चहासुद्धा पितो. दाब वाढला की एकदम कोसळतो. मधला तो बरा वाटणारा काळच फसवा असतो. आणि नेमका त्याच वेळात रुग्णालय गाठले तर जीव वाचू शकतो.

हादऱ्याची लक्षणेही उशिरा दिसू शकतात. १७ ऑगस्ट २०१९ रोजी लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो आडवा पडला, बाहेर गेला, तपासण्या झाल्या आणि ४६ मिनिटांनी पुन्हा फलंदाजीला आला. काही प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी चक्क हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला डोकेदुखी आणि गुंगी जाणवली. कन्कशनचे निदान झाले. पुढचा कसोटी सामनाही त्याला खेळता आला नाही. कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी दुसरा खेळाडू पूर्णपणे खेळवण्याचा नियम आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये त्याच महिन्यात आला होता. मार्नस लाबुशेन हा त्या नियमाने कसोटीत उतरलेला पहिला खेळाडू. जगातल्या सर्वोत्तम डॉक्टरांच्या नजरेखाली असलेल्या खेळाडूची लक्षणे दुसऱ्या दिवशी दिसली. मग आपण दोन मिनिटांत आणि एका बाटलीभर पाण्यात कसे ठरवणार की पोरगा ठीक आहे?

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

डोक्याला मार लागल्यावर पुढीलपैकी एकही गोष्ट दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात न्या :

- क्षणभर का होईना, शुद्ध हरपणे
- पुन्हा पुन्हा उलटी होणे
- डोकेदुखी वाढत जाणे
- तेच तेच प्रश्न विचारणे, दिवस, ठिकाण, माणसे न आठवणे
- बोलताना जीभ जड होणे, हातापायातली ताकद जाणे
- झटके येणे
- डोळ्यांच्या दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसणे
- नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे
- झोपेतून उठवूनही नीट जागे न होणे
- लहान बाळ असेल तर सतत रडणे, दूध न घेणे

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला आणि वृद्धांना लक्षणे नसली तरी दाखवून आणावे. बाथरूममध्ये घसरलेली आजी, बाइकवरून पडलेला भाऊ, कबड्डीत आपटलेली मुलगी, सगळ्यांना हेच लागू आहे.

आणखी एक सांगायलाच हवे. दारूचा वास आला की "पिऊन पडलाय, झोपू दे" असे म्हणून माणसाला बाजूला सारले जाते. प्यायलेल्या माणसाच्या डोक्यातही रक्तस्राव होतो. उलट नशेमुळे तो लक्षात येत नाही. पडलेला माणूस प्यायलेला असेल तर जास्त काळजी घ्या.

मान दुखत असेल किंवा माणूस बेशुद्ध असेल तर त्याला हातपाय धरून उचलू नका. डोके आणि मान सरळ, स्थिर धरा. १०८ ला फोन करा. उलटी होत असेल किंवा झटके येत असतील तर मान न वळवता सगळे अंग एका बाजूला कुशीवर करा. तोंडात पाणी, चहा काही घालू नका. जखमेत हळद किंवा चहापूड भरू नका, स्वच्छ कापड ठेवा. डोकेदुखीची गोळी मनाने देऊ नका.

डॉक्टरांनी घरी पाठवले तरी पहिले २४ तास जवळ कुणीतरी असावे. झोपू द्यायला हरकत नाही, पण किती वेळाने उठवून पाहायचे ते डॉक्टरांना विचारून घ्या. आणि त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, म्हणजे नाही. पहिला हादरा भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो फार महागात पडतो.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. शिधापत्रिका आणि ओळखपत्र सोबत ठेवा.

दाराबाहेर ठेवलेली बॅट

चाहत्यांचे प्रेम कसे असावे, याचा एक धडा २०१४ साली ऑस्ट्रेलियात मिळाला. २५ नोव्हेंबरला सिडनीच्या मैदानात फिलिप ह्यूज ६३ धावांवर खेळत होता. शॉन अ‍ॅबटचा उसळता चेंडू हेल्मेटच्या खाली, मानेच्या डाव्या बाजूला लागला. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली. दोन दिवसांनी, २७ नोव्हेंबरला त्याचा मृत्यू झाला. तीन दिवसांनी त्याला २६ वर्षे पूर्ण झाली असती.

सिडनीतल्या एका साध्या माणसाने आपल्या घराच्या दाराबाहेर बॅट टेकवून ठेवली आणि तिचा फोटो लोकांना दाखवला. पाहता पाहता जगभरच्या दारांबाहेर बॅटी उभ्या राहिल्या. त्याची शेवटची खेळी 'नाबाद ६३' म्हणून नोंदवली गेली. पुढच्याच महिन्यात अ‍ॅडलेडला भारताविरुद्धची कसोटी सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांनी ६३ सेकंद टाळ्या वाजवल्या.

पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ज्याच्या चेंडूवर हे घडले त्या २२ वर्षांच्या अ‍ॅबटला लोकांनी एकटे पाडले नाही. खेळाडू आणि चाहते त्याच्या पाठीशी उभे राहिले. काही दिवसांतच त्याच मैदानात तो पुन्हा गोलंदाजीला उतरला आणि एका डावात त्याने १४ धावांत ६ बळी घेतले. आपल्याकडे चेंडू लागला की जखमी बाजूला राहतो आणि गोलंदाजाची कॉलर धरली जाते. दोन गल्ल्यांत वैर होते. रुग्णालयात न्यायची वेळ भांडणात जाते.

या मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. २०१६ च्या निष्कर्षात कुणालाही दोषी धरले नाही. दुखापत इतकी भयंकर होती की तो वाचू शकला नसता, असेही त्यात म्हटले. मात्र रुग्णवाहिका कुणी आणि कशी बोलवायची याबाबत मैदानावर गोंधळ होता, हेही नोंदवले. सिडनीत ही अवस्था, तर आपल्या चषकात काय असेल? २०२३ पासून ऑस्ट्रेलियात वेगवान गोलंदाजीसमोर हेल्मेटला मानेचे संरक्षक लावणे सक्तीचे झाले. हेल्मेट सगळे टाळत नाही, पण कवटी वाचवते. सीझन बॉल आणायला पैसे जमतात, तर हेल्मेटलाही जमले पाहिजेत.

रक्ताचे नाते

शेवटी एक जुनी आठवण. १७ मार्च १९६२. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर बसला. कवटीला तडा गेला. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, रक्त हवे होते. ते देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. संपूर्ण मालिकेसाठी कर्णधारपद मिळालेला तो वेस्ट इंडिजचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच्यासोबत पॉली उम्रीगर, पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि पत्रकार के. एन. प्रभू यांनीही रक्त दिले. एका पारशी माणसाच्या अंगात या सगळ्यांचे रक्त गेले. ते कुणाचे, कुठल्या रंगाच्या माणसाचे, असे शरीराने विचारले नाही. कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत, पण काही महिन्यांत मैदानावर परतले. ग्रिफिथला त्यांनी कधी दोष दिला नाही.

बंगालच्या क्रिकेट संघटनेने ही आठवण कृतीत उतरवली. १९८१ पासून तिथे ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेलच्या नावाने रक्तदान होते. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला रक्तदान करणाऱ्या आपल्या वस्त्यांना यातला अर्थ वेगळा सांगायला नको.

तेव्हा यंदाच्या चषकाआधी मंडळाच्या बैठकीत चार गोष्टी ठरवा. मार लागला तर १०८ ला फोन करणारा एक जण आधीच नेमा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सीटी स्कॅन होते, ते विचारून ठेवा. डोक्याला लागलेला खेळाडू त्या दिवशी बाहेर आणि त्याच्या जागी दुसरा खेळणार, असा नियम करा. आणि माईकवाल्याला समजावून सांगा. पुढच्या वेळी पोरगा डोके धरून खाली बसला आणि बॅट बाजूला ठेवून "मला दवाखान्यात न्या" म्हणाला, तर माईकवरून त्याचे नाव घ्या. टाळ्या त्याच्यासाठी वाजू द्या.