कीर्द अडली म्हणजे

जुन्या पेढीवर व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत चढे आणि मग सवडीने खतावणीत जाई. खतावणी जळाली, तरी तिची एखादी जुनी नक्कल आणि तेव्हापासूनची अखंड कीर्द हाती असली, म्हणजे मुनीम सारा हिशेब पुन्हा उभा करी. आज हिशेब संगणकाच्या डेटाबेसमध्ये असतो. रीत मात्र तीच आहे. उदाहरणादाखल आम्ही पोस्टग्रेस हा प्रसिद्ध डेटाबेस घेतो.

पोस्टग्रेस प्रत्येक बदल प्रथम लॉगमध्ये, म्हणजे आपल्या कीर्दीत, लिहितो. या लॉगचे सामान्यतः 16 मेगाबाइटांचे तुकडे असतात. तुकडा भरला, की नेमून दिलेली आज्ञा त्याची नक्कल दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवते. बॅकअपला पूर्णत्व येते ते या नकलांमुळे. मागे पडलेला जोडीचा संगणकही त्यांच्याच आधारे बरोबरीस येतो.

ही नक्कल अडली तर काय होते? 'काम झाले' असा निरोप येईपर्यंत पोस्टग्रेस तोच तुकडा पुनःपुन्हा पाठवू पाहतो आणि बाकीचे तुकडे रांगेत तिष्ठतात. नक्कल न झालेला तुकडा तो पुसत नाही. त्यामुळे डिस्क भरत जाते आणि अखेर डेटाबेसच बंद पडतो.

अशा वेळी घाबऱ्या घाबऱ्या लॉगचे तुकडे हाताने पुसणे म्हणजे कीर्दीची पाने फाडणे होय. प्रथम 'पीजी-स्टॅट-आर्कायव्हर' हा तक्ता पाहावा. कोणता तुकडा अडला आणि केव्हा, हे तो सांगतो. मग तीच आज्ञा डेटाबेसच्याच खात्यावरून हाताने चालवून पाहावी. पलीकडची डिस्क भरलेली असते, लिहिण्याची परवानगी नसते, किंवा त्याच नावाची अर्धवट नक्कल तेथे आधीच पडलेली असते. कारण दूर होताच रांग आपोआप पुढे सरकते. नकला सुरळीत असूनही तुकडे साचत असतील, तर बंद पडलेल्या जोडीदारासाठी राखून ठेवलेला 'रेप्लिकेशन स्लॉट' त्यांना अडवीत नाही ना, हे पाहावे.

काहीजण नक्कल न करताच 'झाले' म्हणणारी आज्ञा बसवून मोकळे होतात. डिस्क वाचते, पण साखळी तुटते. त्या तुटीपलीकडचा हिशेब जुन्या बॅकअपवरून परत येत नाही. असे करावेच लागले, तर लगेच नवा मूळ बॅकअप घ्यावा.

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या संस्थेत जोडीचा संगणक मागे पडला. त्याला हवे असलेले लॉगचे तुकडे मुख्य संगणकावरून पुसले गेले होते, आणि त्यांच्या नकला ठेवण्याची व्यवस्थाच नव्हती. पुढच्या धावपळीत मुख्य डेटाबेसच चुकून पुसला गेला. नेहमीचे बॅकअपही उपयोगी पडले नाहीत. सुमारे 6 तासांची माहिती कायमची गेली.

म्हणून आम्ही म्हणतो, नक्कल ठेवली एवढ्यावर समाधान मानू नये. अधूनमधून तिच्यावरून सारा हिशेब उभा करून पाहावा. ज्या नकलेवरून हिशेब उभा राहत नाही, ती नक्कल नव्हे, नुसता कागद होय.