कैरोच्या गाड्यावरची खिचडी: घरच्या डब्यांतून होणारी इजिप्ती कोशरी

परदेशी पदार्थ घरी करायचा म्हटले की पहिली अडचण पाककृतीची नसते, खरेदीच्या यादीची असते. दोनशे ग्रॅम चीज, बाटलीतले ऑलिव्ह तेल, एकदाच वापरून फडताळात पडून राहणारे सॉस असे करता करता चौघांच्या जेवणाचा खर्च हॉटेलच्या बिलाजवळ जातो. इजिप्तमधील कोशरी या बाबतीत वेगळी ठरते. तांदूळ, अख्खा मसूर, मॅकरोनी, काबुली चणे, कांदा, टोमॅटो, लसूण, जिरे, धणे आणि व्हिनेगर एवढ्यावर ती होते. यातील मॅकरोनी सोडल्यास बहुतेक वस्तू गोव्यातील कोणत्याही स्वयंपाकघरात आधीच असतात.

कैरोत कोशरी हे कष्टकऱ्यांचे आणि विद्यार्थ्यांचे पोटभरीचे जेवण आहे. गाड्यांवर आणि छोट्या खाणावळींत मोठमोठ्या पातेल्यांतून एकेक पदार्थ वाडग्यात पडत जातो आणि वाढणारा माणूस पळी भांड्यावर आपटून ताल धरतो. केवळ कोशरीच विकणारी अनेक मजली उपाहारगृहेही त्या शहरात आहेत. मांस, अंडे, दूध यांपैकी काहीच तीत नसल्यामुळे तेथील कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळातही ती चालते. गोव्यातील हिंदू घरांत शिवराकाच्या दिवशी सोलकढी-भातापलीकडे काय करावे, हा प्रश्न पडतोच. तेथे हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. मात्र कांदा-लसूण हा या पदार्थाचा प्राण आहे. चातुर्मासात जे तो वर्ज्य करतात त्यांनी कोशरी नंतरसाठी राखून ठेवावी. कांद्यावाचून केलेली कोशरी निव्वळ मसूरभात होते.

नावावरून शंका येते ती खरी आहे. कोशरी आणि खिचडी यांचे नाते असल्याचे सामान्यतः मानले जाते. चौदाव्या शतकात भारतात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशाने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाल्ल्या जाणाऱ्या ‘किश्री’चे वर्णन केले आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इजिप्तमध्ये असलेल्या हिंदी सैनिकांमुळे खिचडी तेथे पोहोचली, असे अनेकदा सांगितले जाते. पण रिचर्ड बर्टन 1853 मध्ये मक्केच्या वाटेवर सुएझला थांबला होता आणि डाळ, तांदूळ, तूप व कांदा यांच्या न्याहारीची नोंद त्याने तेव्हाच केली आहे. म्हणजे ही ये-जा महायुद्धाच्या पुष्कळ आधीची असली पाहिजे. हाच बर्टन त्याआधी गोव्यातही येऊन गेला होता. त्याचे गोव्यावरील पुस्तक 1851 मध्ये प्रसिद्ध झाले. मॅकरोनी मात्र इटालियन वस्तीमुळे इजिप्तच्या ताटात आली असावी आणि टोमॅटो तर मूळचा अमेरिकेचा. भात आणि मॅकरोनी एकाच वाडग्यात ही कल्पना आपल्याकडे प्रथम विचित्र वाटते. पहिल्या चार घासांनंतर वाटत नाही.

साहित्याची निवड

चौघांसाठी एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी अख्खा मसूर, अर्धी वाटी काबुली चणे, एक वाटी लहान मॅकरोनी, पाव वाटी शेवया, चार मोठे कांदे, अर्धा किलो टोमॅटो आणि लसणाचा एक गड्डा पुरतो. येथे वाटी म्हणजे साधारण दोनशे ग्रॅम तांदूळ मावेल एवढी.

बासमती घेण्याचे कारण नाही. इजिप्तमध्ये आखूड, किंचित चिकट दाण्याचा तांदूळ वापरतात, त्यामुळे सुरय किंवा साधा कोलम त्याच्या अधिक जवळ जातो. उकडा तांदूळ टाळावा. त्याला शिजायला फार वेळ लागतो आणि तोवर मसुराचा लगदा होतो. मसूर सालासकटच हवा; लाल मसूरडाळ विरघळून जाते. काबुली चण्यांऐवजी साधे हरभरे घेतले तरी चालते, फक्त ते अधिक वेळ शिजवावे लागतात. व्हिनेगरच्या बाबतीत गोवेकरांना घरचीच सोय आहे. माडाच्या सुरेचे व्हिनेगर या पदार्थात उत्तम लागते. त्याचा वास उग्र असल्याने आधी थोडे घालून चव पाहावी.

खर्च कांदा आणि टोमॅटो यांच्या भावावर हलतो. दोन्ही स्वस्त असताना चौघांचे हे जेवण दीडशे रुपयांच्या आसपास बसते. जुलै 2023 मध्ये टोमॅटो किलोला शंभरीपार गेला होता. तशा दिवसांत टोमॅटो निम्मे करून जोडीला पाकीटबंद प्युरीचे दोन चमचे घालावेत.

कांदा आधी

कोशरीची सारी चव तळलेल्या कांद्यावर आणि त्याच्या तेलावर उभी असते, म्हणून सुरुवात तिथून करायची. तीन कांदे सारख्या जाडीचे, पातळ चिरावेत. जाड-बारीक काप एकत्र पडले तर बारीक जळतात आणि जाड कच्चे राहतात. कापांना मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे, सुटलेले पाणी पिळून टाकावे आणि दोन चमचे मैदा किंवा कॉर्नफ्लोअर भुरभुरावे. वाटीभर तेलात मध्यम आचेवर थोडे थोडे तळावे. तांबूस रंग पूर्ण येण्याआधीच कांदा बाहेर काढायचा, कारण काढल्यानंतरही आतल्या उष्णतेने तो गडद होत राहतो. तो कागदावर पसरून ठेवला तर कुरकुरीत राहतो. ढीग करून ठेवल्यास वाफेने मऊ पडतो.

उरलेले तेल टाकून देण्याचा प्रश्नच येत नाही. तेच भाताला, तेच टोमॅटोच्या रश्शाला वापरायचे. तरीही उरले तर दुसऱ्या दिवशी आमटीच्या फोडणीला घालावे. या एका कृतीने वेगळे महाग तेल न वापरता सगळ्या थरांना एक चव मिळते.

चणे सकाळीच भिजत घातलेले असावेत; कुकरच्या चार-पाच शिट्ट्यांत ते शिजतात. मसूर मात्र कुकरला लावू नये. उघड्या पातेल्यात बारा ते पंधरा मिनिटे उकळून तो अर्धवट शिजवावा आणि त्याचे तपकिरी पाणी राखून ठेवावे. कांद्याच्या दोन चमचे तेलात शेवया बदामी परतून धुतलेला तांदूळ, मसूर, मीठ आणि दोन वाट्या मसुराचे पाणी घालून झाकण ठेवावे. पाणी कमी पडल्यास साधे गरम पाणी घालावे. मंद आचेवर दाणा शिजेपर्यंत ठेवून गॅस बंद केल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये.

रश्शासाठी उरलेला चौथा कांदा बारीक चिरून त्याच तेलात परतावा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, चमचाभर जिरेपूड, तेवढीच धणेपूड आणि लाल तिखट घालून वाटलेला टोमॅटो ओतावा. वीस-पंचवीस मिनिटे आटू द्यावा. कच्चेपणा जाऊन तेल कडेला दिसू लागले की मीठ, चिमूटभर साखर आणि एक चमचा व्हिनेगर. गरम मसाला, कढीपत्ता, खोबरे यांचा मोह येथे टाळावा, कारण ते पडताच चव ओळखीच्या आमटीकडे वळते.

मॅकरोनी खारट पाण्यात उकडून घ्यावी. तेवढ्या वेळात ‘दक्का’ होतो: ठेचलेला लसूण, जिरेपूड, धणेपूड, मीठ, लिंबाचा रस आणि दोन-तीन चमचे व्हिनेगर अर्ध्या वाटी गरम पाण्यात मिसळायचे. हे आंबट पाणी प्रत्येकाने आपापल्या वाडग्यात हवे तेवढे घ्यायचे असते. ते नसेल तर एवढे पिष्टमय जेवण जड वाटते. तिखट आवडणाऱ्यांसाठी थोड्या रश्शात तेलात परतलेले जास्तीचे तिखट मिसळले की ‘शत्ता’ तयार.

वाडग्यात आधी मसूरभात, त्यावर मॅकरोनी, मग रस्सा, चणे आणि सगळ्यांत वर कांदा. कांदा वाढण्याच्या क्षणीच घालावा.

तांदूळ आणि कडधान्य एकत्र आल्याने प्रथिनांची बाजूही सांभाळली जाते. तांदळात लायसिन कमी असते, ते मसूर-चण्यांतून मिळते. कडधान्यांत मेथिओनिन कमी असते, ते तांदूळ पुरवतो. वरण-भाताचेही गणित हेच आहे.

एक काळजी मात्र गोव्याच्या दमट हवेत आवर्जून घ्यावी. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. भातातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. उबदार हवेत ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. उरलेला मसूरभात पसरट ताटात लवकर निववून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. रस्सा व दक्का फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतात, कांदा हवाबंद डब्यात राहतो. रविवारी हे तिन्ही करून ठेवले, तर आठवड्याच्या सुरुवातीला एखाद्या संध्याकाळी केवळ मसूरभात, चणे आणि मॅकरोनी शिजवण्याचे काम उरते.