गिअरबॉक्स बदलल्यावर वेगमापकाची तपासणी

जुन्या जीपगाडीतील वेगमापकाचा काटा गिअरबॉक्सच्या दातेरी चाकाने फिरणाऱ्या केबलवर चालतो. म्हणून गिअरबॉक्स बदलल्यानंतर काटा चुकू लागल्यास प्रथम मीटरला दोष देऊ नये.

काटा मुळीच हलत नसल्यास केबलची दोन्ही टोके नीट बसली आहेत काय, ते पाहावे. काटा थरथरत असल्यास केबल बहुधा कोरडी पडलेली किंवा फार वाकलेली असते.

काटा स्थिर असूनही शंका वाटल्यास मोकळ्या, सपाट रस्त्यावर तो ६० वर ठेवावा व किलोमीटरच्या दोन दगडांमधील वेळ शेजाऱ्यास मोजावयास सांगावे. ती ६० सेकंद भरली पाहिजे. ५० भरल्यास खरा वेग ताशी ७२ किलोमीटर होय. अंतराचे आकडेही त्याच प्रमाणात कमी पडत असल्यास दोष दातेरी चाकाचा समजावा. केबलचे चाक १८ दात्यांचे असल्यास त्या गिअरबॉक्सला जुळणारे १५ दात्यांचे बसवून घ्यावे. अंतर बरोबर येऊन केवळ काटाच चुकत असल्यास मात्र मीटर दुरुस्तीस द्यावा.

ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नये. शाळेसमोर काटा ३० दाखवीत असता अशी गाडी ३६ च्या वेगाने धावत असते, आणि चालकास त्याची जाणीवही नसते.