प्रकाशाची कड

सायंकाळीं गुरें गोठ्याकडे परतत असतां मावळता सूर्य त्यांच्या पाठीमागें असला, म्हणजे शिंगें, वशिंडें व उडालेली धूळ यांच्या कडा सोन्यासारख्या झळकतात. छायाचित्रकलेंत अशा प्रकाशास ‘रिम लाइट’ म्हणतात. आपण त्यास कडेचा प्रकाश म्हणूं.

याचें प्रयोजन काय? आपले दोन डोळे मिळून जवळचें कोणतें व दूरचें कोणतें हें ओळखतात. कॅमेऱ्यास डोळा एकच. त्यामुळें सारें दृश्य कागदावर सपाट होतें. कृष्णधवल चित्रांत तर रंगांचेंही साहाय्य नसतें. तांबडें लुगडें व हिरवें झाड हीं एकाच करड्या छटेचीं उमटूं शकतात. काळेभोर केस काळोख्या दारापुढें बुडून जातात व चेहरा तेवढा उरतो. मागून आलेला प्रकाश केसांवरून व खांद्यांवरून निसटतां निसटतां एक उजळ रेघ आंखतो. किरण पृष्ठभागास जितका तिरपा चाटून जातो, तितका तो अधिक परावर्तन पावतो. म्हणून लहान दिव्यानेंही कड उठून दिसते.

मुंबईंत मालाड येथें १९३४ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे टॉकीजचे छायालेखक जोसेफ विर्शिंग हे जर्मन गृहस्थ होते. ‘अछूत कन्या’ (१९३६) या बोलपटाचें छायालेखन त्यांचेंच. त्या काळच्या कृष्णधवल बोलपटांत नटनटींच्या केसांभोंवतीं जी प्रभा दिसते, ती बहुधा अशा मागच्या दिव्याचीच असते.

आतां घरीं करून पाहूं. आईस काळोख्या दारापासून चार-पांच फूट पुढें बसवावें. दिवा तिच्या मागें, एका बाजूस, डोक्याहून उंच व चौकटीबाहेर ठेवावा. समोर पांढरें कापड धरावें, म्हणजे त्याच दिव्याचा उजेड परतून चेहऱ्यावर पडतो. झोत भिंगांत शिरल्यास चित्र फिकें होतें. यास्तव भिंगावर हाताचा आडोसा करावा. कड भडक वाटल्यास दिव्याचें अंतर दुप्पट करावें. उजेड चौथाईवर येतो. दिव्याऐवजीं सूर्य असेल, तर कॅमेऱ्याच्या भिंगांतून त्याकडे कदापि पाहूं नये; डोळ्यांस कायमची इजा होते.

आज घरोघरीं छायाचित्रें निघतात. पुढें नातवंडें तींच पाहतील. त्यांत आईचा अंबाडा काळोखांत हरवूं न देणें, एवढें आपल्या हातीं आहे.