गोळी गिळेपर्यंत

पूर्व विदर्भातलं धानाचं गाव, फेब्रुवारी महिना. हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम सुरू आहे. आशा कार्यकर्तीचा एक दिवस.

सकाळी 6.30
पिशवी भरून घेते. डीईसी, अल्बेंडाझोल, आयव्हरमेक्टिन, घरांची यादी, खडू, बोटाला खूण करायचा मार्कर आणि उंची मोजायची पट्टी. पूर्वी दोनच औषधं होती. राज्यात तिसरं आधी नागपूर जिल्ह्यात सुरू झालं, 2019 मध्ये. तेव्हापासून पट्टीही हातात आली, कारण आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवर ठरतो.

7.00
उन्हाळी धानाची रोवणी चालू आहे. आठच्या आत बाया निघून जातात, म्हणून लवकर गाठायचं. पण नुसत्या चहावर गोळ्या देता येत नाहीत. "खाऊन घ्या ना मावशी, मी थांबते." मावशी कालचा भात ताटलीत घेते, उभ्यानेच चार घास खाते. बाहेर मुकादम हाका मारतो आहे. तिची उंची 150 सेंटिमीटर. डीईसीच्या तीन, अल्बेंडाझोलची एक, आयव्हरमेक्टिनच्या तीन, अशा सात गोळ्या तळहातावर ठेवते. "एवढ्या?" ती विचारतेच. अल्बेंडाझोल चावून खायची. बाकीच्या दोन-दोन करून पाण्याबरोबर जातात. डाव्या हाताच्या बोटाला खूण, दारावर खडूने आकडा, पुढचं घर.

"ठेवून जा, रात्री खाईन," असं सांगणाऱ्याकडे गोळ्या ठेवत नाही. त्या फळीवरच्या डब्यात जातात आणि पुढच्या वर्षी तशाच सापडतात.

9.30
पारावरचे काकाजी अडून बसतात. "मले का झालं? माहे पाय त चांगले आहेत."
"चांगले आहेत म्हणूनच देते, काकाजी."
हे समजावण्यातच माझा अर्धा दिवस जातो. जंतू रक्तात असतो आणि माणूस वर्षानुवर्षं ठणठणीत फिरतो. डास त्याला चावतो, मग शेजाऱ्याला. शरीरात मोठा किडा पाच-सहा वर्षं जगतो, पिल्लं सोडत राहतो. पाय एकदा सुजून कातडी जाड झाली, की गोळी तो पाय पूर्ववत करत नाही. काकाजी 165 सेंटिमीटर भरतात, म्हणजे आठ गोळ्या. कुरकुरत घेतात. त्यांनी घेतल्या म्हटल्यावर पारावरचे आणखी तिघं पुढे होतात.

11.30
दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं वगळायची. पाच वर्षांखालच्यांना आयव्हरमेक्टिन नाही. एका घरी पोराच्या बोटांच्या बेचक्यात खरूज दिसते, रात्रभर खाजवतो म्हणे. आई सांगते, "मागच्या साली तुमच्या गोळ्या खाल्ल्या अन् खाज कमी झाली होती." खरं आहे. आयव्हरमेक्टिन खरुजेच्या किड्यालाही मारतं. आमच्या डॉक्टरांनी प्रशिक्षणात फिजीचं सांगितलं होतं: तिथल्या बेटांवर सगळ्या वस्तीला एकाच वेळी हे औषध दिलं, तर वर्षभरात खरूज 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांच्या आत आली. पण किड्याची अंडी एका डोसने मरत नाहीत. त्यामुळे आज गोळ्या देते आणि घरातल्या सगळ्यांना आरोग्य केंद्रात जाऊन लावायचं मलम आणायला सांगते. एकट्या पोराला लावून भागत नाही. अंथरुण-कपडेही गरम पाण्यात धुवायचे.

दुपारी 2.00
फोन येतो. सकाळच्या एका बाईला डोकं दुखतंय, अंग तापलंय. हीच बातमी गावात पसरली, तर संध्याकाळी दारं उघडणार नाहीत. लगेच जाते. रक्तातले जंतू मरतात तेव्हा असा त्रास होतो, बहुतेकांचा दिवसभरात ओसरतो. सिस्टरला कळवते, आरोग्य केंद्राची गाडी येऊन तपासून जाते. शेजारणींसमोर मुद्दामच मोठ्याने सांगते, "त्रास झाला म्हणजे जंतू होते. औषध लागू पडलं."

4.00
जुन्या रुग्ण आजींकडे. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली जाड झालाय, घडीघडीत चीर पडते. साबण-पाण्याने हलक्या हाताने पाय धुते, बोटांच्या बेचक्या कापडाने टिपून कोरड्या करते. ओल राहिली की चीर चिघळते आणि ताप भरतो. आजींच्या सुनेकडून हेच एकदा करवून घेते. रोज हे तिलाच करायचं आहे.

सायंकाळी 7.00
सकाळी न खाता गेलेले आता जेवून बसलेत. दुसरी फेरी. एकाच्या तोंडाला दारूचा वास येतो. त्याच्याशी आज वाद घालत नाही, नाव उद्याच्या यादीत टाकते.

8.30
तक्ता भरते. गोळ्या किती संपल्या याला फारसा अर्थ नाही. लोकसंख्येतल्या निदान 65 टक्के माणसांनी त्या खरोखर गिळल्या, तरच डासांची साखळी तुटायला लागते. म्हणून 'दिल्या'च्या रकान्यात फक्त माझ्या डोळ्यांसमोर गिळलेल्या धरते. उरलेल्यांत दोन मजूर नागपूरला गेलेत, एक जण सासरी, आणि तो दारूवाला. मजूर शनिवारी परततील. त्यांच्या गोळ्या वेगळ्या बांधून ठेवते.