मलप्रभेकाठची देवी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

माउली, यल्लम्मा, लक्ष्मी, सातेरी या एकमेकींशी संबंध नसलेल्या वेगवेगळ्या देवी आहेत, असा समज नेहमी ऐकू येतो. बेळगाव-खानापूर भागातल्या जांबोटी परिसरात तो मलप्रभा नदीच खोडून काढते. जांबोटीच्या पश्चिमेला सुमारे १६ किलोमीटरवर कणकुंबीत तिचा उगम आहे. तिथल्या प्राचीन देवळातल्या माउलीचे नाते रेणुकेशी जोडले जाते. हीच नदी पुढे सौंदत्तीच्या बाजूने वाहते आणि तिथल्या डोंगरावर रेणुका यल्लम्मा म्हणून पूजली जाते. जवळच्या धरणाच्या जलाशयाचे नावही रेणुकासागर आहे. देवीमाहात्म्यातही युद्धात उतरलेल्या सगळ्या शक्ती शेवटी एकाच देवीत सामावतात.

म्हणून रूपे केवळ नावापुरती, असे मात्र नव्हे. प्रत्येक रूपाचा आचार निराळा आणि तो जपला जातो. यल्लम्मा मार्गशीर्ष पौर्णिमेला पती जमदग्नीच्या वधामुळे विधवा होते आणि माघी पौर्णिमेला पुन्हा सवाष्ण होते. एकच देवी वर्षभरात दोन अवस्थांतून जाते आणि भाविकही तिच्याबरोबर तो शोक आणि तो आनंद पाळतात.

गावची लक्ष्मी म्हणजे विष्णुपत्नी, हाही घाईचा निष्कर्ष. बेळगाव-खानापूर भागात अनेक वर्षांच्या अंतराने भरणाऱ्या यात्रेत लाकडी मूर्तीवर अक्षतारोपण होते, देवी रथातून मिरवते आणि गदगेवर, म्हणजे तिच्या आसनावर, बसते. ती गावाची राखणदार ग्रामदेवता आहे. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातांतही म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे, मस्तकावर लिंग आहे. ही लक्षणे देवीमाहात्म्याशी जोडलेल्या प्राधानिक रहस्यातील आदिशक्तीची आहेत.

मूर्ती नाही म्हणजे पूजा अपुरी, असे मानणे तर अन्यायाचेच. गोवा आणि दक्षिण कोकणात सातेरी वारुळाच्या रूपात पूजली जाते. जमिनीतून वर आलेली माती हेच तिथे देवीचे रूप. पुढे अनेक ठिकाणी मुखवटे आणि मूर्ती आल्या, तरी वारुळाचा मान गेला नाही.

यल्लम्माची भक्ती म्हणजे देवदासी प्रथा, हा समज सर्वांत घातक, कारण तो लाखो भाविकांवर कलंक लावतो आणि प्रथेला धर्माची ढालही पुरवतो. देवीला मुली सोडण्याविरुद्ध मुंबई प्रांतात १९३४ साली कायदा झाला. कर्नाटकाने १९८२ साली स्वतंत्र कायदा केला. त्याने मुलगी सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला, तो आईवडिलांनी केला तरीही.