अब्बांच्या होडीचं छप्पर

राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. किल्ला समोरच दिसतो, वारा असला की होडी लवकर पोहोचते. पण तांडेलाचा दिवस होडी चालवण्यापेक्षा थांबण्यातच जास्त जातो. धक्क्यावर माणसं जमेपर्यंत थांबायचं, किल्ल्याच्या दरवाजाशी ती परत येईपर्यंत थांबायचं. वरून ऊन आणि खालून पाण्याची झळाळी.

माझे अब्बा असेच तांडेल. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसाचा पडदा सरकू लागला. डॉक्टर म्हणाले, हे वर्षानुवर्षांच्या उन्हावाऱ्याचं आहे, सावलीत बसत जा. अब्बा घरी येऊन हसले. ‘‘समुद्रात झाड कुठलं आणायचं, बेटी?’’

पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायची, ही आपल्याकडची जुनी रीत. म्हणजे लाकडाला आपण सावली देतो. मग होडीवरच्या माणसाला का नाही? या विचाराने मी बाजारातून निळी प्लास्टिकची ताडपत्री आणली आणि होडीच्या मागच्या भागावर, जिथे सुकाणू धरून अब्बा बसतात, चारी कोपरे ताणून बांधली.

चार दिवस बरे गेले. मग ऑक्टोबरच्या एका दुपारी परतीचा पाऊस वाऱ्यासकट आला. ताडपत्री मधोमध खोलगट झाली आणि तिच्यात पाणी साठलं. हिशोब करून पाहा. 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद कापडावर सरासरी एक सेंटिमीटर पाणी साठलं, तर ते 60 लिटर, म्हणजे 60 किलो वजन होतं. त्यात वारा खालून शिरला आणि नांगरावरची होडी फरफटू लागली. ताडपत्री सोडायला गेले तर भिजलेल्या गाठी सुटेनात. भाईजानने सुरीने दोऱ्या कापल्या म्हणून निभावलं. गाठी मीच मारल्या होत्या, त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरं छप्पर मी घरच्या पायमशीनवर शिवलं. ते कसं केलं, ते सांगते. तुमच्या घरी होडी असेल तर उपयोगी पडेल, नसेल तर अंगणातल्या छपरालाही यातलं बरंच लागू होतं.

उतार आधी, कापड नंतर

डोलकाठीपासून होडीच्या मागच्या टोकापर्यंत मधोमध एक जाड दोरी ताणली. मागे टेकू म्हणून दोन बांबूंची कैची बांधली, म्हणजे सुकाणूला अडथळा येत नाही. दोरी बसलेल्या माणसाच्या डोक्यापेक्षा थोडीच उंच ठेवली. छप्पर जितकं उंच, तितका वारा जास्त धरतं. दोन्ही बाजूंच्या कडा मधल्या दोरीपेक्षा सुमारे अर्धा मीटर खाली येतील असं पाहिलं. कौलारू घराला असतो तसा उतार मिळाला की पाणी थांबतच नाही. कडा होडीच्या काठाबाहेर चार बोटं काढल्या, म्हणजे पागोळ्या समुद्रात पडतात, मांडीवर नाही.

कापड आणि कापणी

निळं प्लास्टिक उन्हात तडकून त्याचा भुगा होतो. रबरासारखा लेप असलेलं कापड पाणी पूर्ण अडवतं, पण त्याखाली घुसमटतं. मी जाड सुती कॅनव्हास घेतला. तो भिजला की धागे फुगतात आणि पाणी वरून वाहून जातं. मात्र पाऊस चालू असताना आतून बोट लावू नये, त्या जागी थेंब पाझरू लागतात. कापण्याआधी कापड भिजवून वाळवलं, नाहीतर पहिल्याच पावसात आखडतं. रंग मातकट निवडला, कारण पांढऱ्यावरून ऊन डोळ्यांत परत येतं.

कडा सरळ रेषेत कापल्या की वाऱ्यात फडफडतात. म्हणून कड किंचित आत वळवून कापायची. 2 मीटरच्या कडेला मधोमध सहा-सात सेंटिमीटरची खोल पुरते. बांबूची पातळ कामटी वाकवून खडूने ती रेघ आखली. कोपरे ताणले की अशी कड ढोलाच्या कातड्यासारखी ताठ बसते.

शिवण

सुती दोरा समुद्रावर कुजतो, म्हणून पॉलिस्टरचा जाड दोरा आणि 18 नंबरची सुई वापरली. जीन्सच्या पायाला असते तशी, दुमडून दोन टिपांची शिवण घातली. शिवण उताराच्या दिशेने ठेवली, आडवी नाही. आडव्या शिवणीत पाणी अडकतं. टिपांवरून मेणाचा गोळा घासला. मधल्या दोरीवर घासणाऱ्या जागी दुहेरी पट्टी लावली आणि कोपऱ्यांना चार-चार पदर दिले. तिथे मशीन अडली, तेव्हा दाभणाने हाताने शिवलं. कडेने वीतभर अंतर सोडून पितळी आयलेट ठोकली. लोखंडी आयलेट गंजून कापड खातात.

निरगाठ नको, सुरगाठ

सगळ्यात महत्त्वाचं हे. प्रत्येक दोरी सुरगाठीने बांधायची, म्हणजे एक टोक ओढलं की सुटते. वाऱ्याचा रंग बदलला की आधी छप्पर उतरवायचं, मग बाकीचं. शीड चढवण्याआधीही ते गुंडाळून ठेवायचं. अब्बांनी मला किनाऱ्यावर उभं करून डोळे मिटून सगळ्या गाठी सोडायला लावल्या. दोन मिनिटांत जमेपर्यंत त्यांनी छप्पर होडीवर नेऊ दिलं नाही.

आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने मीठ धुऊन काढते. साबण लावत नाही, आणि पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालत नाही. ओल्या घडीत बुरशी धरते.

अब्बांच्या डोळ्यातला पडदा छपराने गेला नाही. डॉक्टरांकडे तपासणीला नेतोच, टोपीही घालायला लावतो. गेल्या वेळी डॉक्टर म्हणाले, पडदा पुढे सरकलेला नाही. आता जोहरची नमाज झाली की अब्बा सावलीत डबा उघडतात. परवा शेजारच्या होडीचे चाचा घरी आले. त्यांनी माप घेण्यासाठी दोरी सोबतच आणली होती.